घरच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर घेताना या चुका टाळा

आमच्या मामेबहिणीच्या लग्नाची डीव्हीडी २००६ सालची. तिच्यात घाणा भरताना आजी ओव्या म्हणतेय, जेमतेम चार मिनिटं. तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. आम्ही ती डिस्क एका दुकानात ‘कन्व्हर्ट’ करायला दिली, छोटीशी फाइल मिळाली आणि मूळ डिस्क घर आवरताना गेली. आता आजीचा हात हलला की त्यावर आडव्या रेघा उमटतात. त्या रेघा फाइलमध्येच पक्क्या बसल्यात.

म्हणून आधी हे करा: थेट एमपीफोर, म्हणजे आवळलेली छोटी व्हिडिओ फाइल, बनवू नका. डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे आयएसओ फाइल, आधी काढून ठेवा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, त्यामुळे अशा चाळीस डिस्क २०० जीबीतही बसतात. आयएसओ हाताशी असेल, तर पुढे झालेली कुठलीही चूक सुधारता येते.

सुरुवात दुकानात किंवा घरी ‘राइट’ केलेल्या डिस्कपासून करा. त्यांच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि उन्हाने, उष्णतेने तो खराब होतो. विकतच्या चित्रपटांच्या डिस्क छापील असतात, त्या जास्त टिकतात. शिवाय त्यांच्यावर बहुधा कॉपीचं कुलूप असतं, आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं ६५अ हे कलम अशी कुलपं तोडण्याबद्दलच आहे. त्यांच्या नादी लागू नका.

डिस्क मध्येच अडकते, तेव्हा लोक ती सदऱ्याला गोल गोल पुसतात. असं करू नका. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. त्याच दिशेने ओरखडा गेला तर सलग मोठा तुकडा वाचता येत नाही. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. तरीही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा वाचतो, हे बरेचदा घडतं. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम आधी सहज मिळेल तेवढं उचलतो, मग अडलेल्या जागांकडे वळतो. काय राहिलं याची नोंदही ठेवतो, म्हणजे ड्राइव्ह बदलून तिथूनच पुढे जाता येतं.

छोट्या कॅमेऱ्यातली ८ सेंटिमीटरची डिस्क कोरी दिसली, तर ती टाकू नका आणि कॉम्प्युटरने विचारलं तरी फॉरमॅट करू नका. बहुतेक वेळा ती फक्त ‘फायनलाइझ’ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून लिहिणं पुरं करून बंद करायची, राहिलेली असते. तोच कॅमेरा शोधा आणि त्यातूनच ते करा.

डीव्हीडीतलं चित्रण ज्यांत असतं त्या व्हीओबी फाइली नुसत्या कॉपी करणं हीसुद्धा चूक. त्या १ जीबीच्या तुकड्यांत असतात, त्यामुळे मंगलाष्टक मध्येच तुटतं. मेकएमकेव्ही हा प्रोग्राम आयएसओ उघडून सलग फाइल देतो, दर्जा जराही न घटवता.

आता त्या रेघा. आपल्याकडचं ‘पाल’ (PAL) या टीव्ही-पद्धतीचं चित्रण सेकंदाला २५ चौकटींचं असतं आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी टिपलेली असते. ते भाग नीट न जुळवता फाइल आवळली की हलत्या गोष्टींना दातरे पडतात. फाइल आवळणाऱ्या हँडब्रेक या प्रोग्राममध्ये डीइंटरलेस, म्हणजे हे भाग जुळवण्याची सोय, सुरू करा, क्वालिटी १८ च्या आसपास ठेवा. चित्राची उंची ५७६ ओळीच राहू द्या. १०८० केल्याने फाइल फुगते, चेहरे स्पष्ट होत नाहीत. नवरा-नवरी आडवी पसरलेली दिसली, तर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं गेलंय असं समजा.

फाइल तयार झाली की पहिली दोन मिनिटं बघून समाधान मानू नका. शेवटपर्यंत बघा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि मूळ डिस्क तरीही टाकू नका. बघताना घरातलं कुणी मोठं माणूस शेजारी बसवा आणि चित्रणात कोण कोण आहे ते विचारून त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. आमच्या घाण्यात आजीच्या उजव्या हाताला बसून तिची ओवी उचलून धरणारी बाई कोण, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.