पिनबॉल घ्यायचंय? आधी काच काढायला सांगा

2014 साली विल्यम्स कंपनीचं ‘फिश टेल्स’ हे पिनबॉल मशीन (काचेखाली स्टीलचा बॉल उडवत खेळायचं, ते नाणं टाकून चालणारं) मी 2,600 डॉलरला आणलं, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. आज त्याच मशीनचे लोक दुप्पट सांगतात आणि नवरा पाहुण्यांना बेसमेंट दाखवताना म्हणतो, “ही आमची गुंतवणूक.” गुंतवणूक कसली डोंबलाची. पण हल्ली मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी गाठतंच, “वहिनी, आम्हालाही एक घ्यायचंय, कितीपर्यंत मिळेल?” म्हणून एकदाचं लिहून काढते.

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो, म्हणजे पिनबॉलच्या माहेरी. गॉटलीब, बॅली, विल्यम्स सगळे इथलेच. विल्यम्सने 1999 मध्ये पिनबॉल बंद केलं आणि त्यानंतर बरीच वर्षं मोठ्या प्रमाणावर मशिनं बनवणारी स्टर्न ही एकटीच कंपनी उरली. म्हणजे नव्वदच्या दशकातली मूळ मशिनं जेवढी बनली तेवढीच. ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ (1992) वीस हजारांवर निघाली, ‘मिडीव्हल मॅडनेस’ (1997) जेमतेम चार हजार. त्यातली काही भंगारात गेली, काही कुणाच्या बेसमेंटमध्ये पाण्यात बसली. तेव्हा ज्या पोरांनी क्वार्टर (पाव डॉलरचं नाणं) घालून ती खेळली ती आता पन्नाशीला आलीत, घर आहे, हातात पैसा आहे. त्यात 2020 ला सगळे घरात अडकले आणि सहलीचे पैसे बेसमेंटमध्ये ओतले. नवी मशिनंही महागली: स्टर्नचं साधं ‘प्रो’ मॉडेल सात हजारांच्या घरात, लिमिटेड एडिशन तेराच्या आसपास. ते आकडे बघून जुनं विकणाराही आपली पाटी बदलतो.

गोची अशी की भाव चढलाय तो नावाचा. घरात जपलेलं ‘अ‍ॅडम्स’ आणि पंचवीस वर्षं बारमध्ये बिअर प्यायलेलं ‘अ‍ॅडम्स’ यांच्या सांगितलेल्या किमतीत हजार-दीड हजारांचा फरक असतो, दुरुस्तीत मात्र त्याच्या कितीतरी पट जाऊ शकतात. तुमची कमाई किंवा खड्डा, दोन्ही तिथेच. माझे आजोबा खरसुंडीच्या बाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय दाव्याला हात लावत नसत. तसंच करायचं.

जाताना टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि न बोलणारा माणूस सोबत न्या. (मी धाकट्या दिरांना नेते. नवरा विकणाऱ्यासमोरच “वॉव” म्हणतो.) आधी फोनवर सांगून ठेवा, “मी येईपर्यंत मशीन चालू करू नका.” थंड मशीन चालू होताना कसं वागतं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं असतं. मग काच काढायला सांगा. नाणी टाकायचा दरवाजा उघडून आतला खटका ओढला की पुढची धातूची पट्टी सुटते आणि काच सरकून बाहेर येते. ती गालिच्यावर ठेवा, काँक्रीटवर कोपरा टेकला तर क्षणात भुगा. काच काढायला कां-कूं करणाऱ्याकडून मी तरी घेत नाही.

टॉर्च वरून मारू नका, प्लेफील्डला (बॉल फिरतो त्या रंगवलेल्या लाकडी फळीला) समांतर, आडवा धरा. झिजलेला रंग, उघडं पडलेलं लाकूड, फुगलेल्या कडा लगेच दिसतात. दिव्यांवरच्या प्लास्टिकच्या खिडक्यांवरून बोट फिरवा. खोलगट किंवा वर आलेली लागली तर बॉल तिथे वाट बदलणार. ‘अ‍ॅडम्स’मध्ये इलेक्ट्रिक चेअरच्या भोकाची कड बघायचीच, बॉल आदळून आदळून ती खचते. ‘फिश टेल्स’चा वरचा मासा जागेवर आहे का बघा, नाहीतर तो वेगळा विकत घ्यायला लागतो. रबर, बल्ब, ढिले फ्लिपर (बटण दाबलं की बॉल मारणारे दांडे) यांना घाबरू नका. एका फ्लिपरचं सगळं सामान पन्नास-साठ डॉलरमध्ये येतं आणि बसवायला एक रविवार पुरतो. उलट मळलेलं, मंद फ्लिपरचं मशीन दिसलं की मी खूश होते, कारण दहातले आठ गिऱ्हाईक तिथूनच परत जातात आणि भाव करायला जागा मिळते. झिजलेलं प्लेफील्ड मात्र घासून-पुसून नवं होत नाही.

मग मागची उभी पेटी उघडा. ही पायरी मी एकदाच चुकवली. 2021 च्या हिवाळ्यात बॅलीचं ‘एट बॉल डिलक्स’ (1981) 2,200 ला मिळत होतं, आणखी दोघं रांगेत आहेत असं विकणारा सांगत होता, गराजमध्ये बोटं गोठत होती. दिवे लागले, आवाज आला, पैसे दिले. घरी उघडलं तर सर्किट बोर्डवर सोल्डर केलेली बॅटरी फुटून खालच्या चिपांवर हिरवं बुरशीसारखं साचलेलं. आठवड्यात मशीन मेलं. दिवे लागतात म्हणजे बोर्ड धड आहे असं नसतं. नव्वदच्या विल्यम्स-बॅलीत बोर्डवर तीन साध्या एए बॅटऱ्या असतात, त्याही गळतात. हिरवं-पांढरं काही दिसलं की नवीन बोर्डची किंमत तिथल्या तिथे वजा करा. फ्यूजना कुणी चांदीचा कागद गुंडाळलाय का तेही बघा. असले महाभाग असतात.

किमान तीन डाव खेळा, नंतर दरवाजाच्या आतल्या बटणांनी टेस्ट मेनूत जाऊन एकेक कॉइल (फ्लिपर वगैरे हलवणारं विजेचं वेटोळं), एकेक स्विच तपासा. “घरगुती वापरातलंच आहे हो” हे वाक्य ऐकून सोडून द्यायचं.

भाव करताना सापडलेले दोष कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर रक्कम. “जरा कमी करा ना” याला इथे कुणी दाद देत नाही, यादीला देतात. बजेट तीन हजारांच्या आत असेल तर ‘अ‍ॅडम्स’चा नाद सोडा. सत्तरच्या दशकातली आकडे फिरणारी यांत्रिक मशिनं अजून आवाक्यात आहेत, फक्त रिले (आतले विजेवर चालणारे खटके) साफ करायचा कंटाळा नको. आणि पुढे विकून फायदा होईल म्हणून घेत असाल तर कृपा करून सोन्याचं नाणं घ्या, त्याला बेसमेंटचा जिना उतरवावा लागत नाही.

वजन सव्वाशे किलोच्या आसपास. निघण्याआधी तीन-चार जे बॉल असतील ते काढून खिशात घाला, नाहीतर वाटेत ते आतून काच फोडतील. मागची पेटी खाली दुमडून बांधा, मग पाय काढा, बोल्ट पिशवीत. चाव्या मागून घ्या, त्या नेहमी विसरतात. घरी पाय लावल्यावर नव्वदच्या मशीनचा उतार साडेसहा अंशाच्या आसपास ठेवा. आणि पहिला डाव खेळायच्या आधी जुन्या बॅटऱ्या काढून बोर्डपासून लांब, वायरवर लोंबणारा बॅटरी होल्डर लावा. पोरं कितीही मागे लागली तरी.