कड कापून काढायची, घासून नाही

प्लायच्या कडेला बीडिंग पट्टी चिकटवणं कोल्हापुरातल्या कुठल्याही साइटवर आठवड्याभरात जमून जातं. अख्ख्या सागवानावर उतार (तिरपी कापलेली कड), गोलाई किंवा मणी (कडेलगतची अर्धगोल उठावाची पट्टी) हातानं काढणं हे वेगळं काम. देव्हारा, झोपाळ्याची फळी किंवा शिवाजी पेठ-मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या चौकटीची दुरुस्ती निघाली की ते लागतं. कड कोरणाऱ्या राउटर मशीनचा स्पीड नाद खुळा, पण जुन्या चौकटीवरची गोलाई त्याच्या तयार बिटशी, म्हणजे पात्याशी, क्वचितच जुळते.

सरावाला दोन फूट लांब, तीन इंच रुंद, एक इंच जाड सागवानी तुकडा घ्या. गाठ नको. अवजारं मोजकीच: चार नंबरचा लोखंडी रंधा, हातात मावणारा ब्लॉक रंधा, 6, 12 आणि 25 मिमीच्या पटाश्या (छिन्न्या), काटकोन तपासायला गुण्या, धार लावायला ऑइल स्टोन. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर उतरते. तुकडा अर्धा होईपर्यंत एकदा तरी पातं दगडावर न्यावं लागेल, हे धरूनच चाला. मिस्त्री मापं सुतात सांगतील. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3.2 मिमी.

पहिला सराव साध्या उताराचा. दोन्ही बाजूंनी 6 मिमीवर रेघ मारा, पण पेन्सिलनंच. मार्किंग गेजच्या (रेघ ओढायच्या अवजाराच्या) टोकाचा ओरखडा उताराच्या काठावर कायमचा दिसतो. चारही कडांना उतार द्यायचा असेल तर जिथं लाकडाच्या रेषा (तंतू) आडव्या कापल्या जातात ती टोकं आधी, लांब कडा नंतर. टोकावर रंधा आरपार गेला की पलीकडच्या कोपऱ्यातून ढलपी उडते. नंतर लांब कडेवर रंधा फिरला की ती जखम निघून जाते. उलट क्रमानं केलं तर तयार कड शेवटच्या हातात फुटते. लांब कडेवर साल सलग निघत नसेल, खरखर आवाज येत असेल, तर रंधा तंतूंच्या रेषेच्या उलट्या दिशेनं चाललाय. जोर लावू नका, तुकडा फिरवून घ्या.

गोलाईत बहुतेक शिकाऊ एकाच जागी चुकतात. 12 मिमी त्रिज्येची गोलाई हवी म्हणून ते 12 मिमीचाच उतार काढतात आणि गोलाईला लागणारं लाकूडच निघून जातं. उताराची रेघ त्रिज्येच्या 0.586 पटीवर येते, म्हणजे 12 मिमीला जेमतेम 7 मिमी. तो उतार झाला की वर-खाली दोन कोपरे उरतात, ते साडेबावीस अंशात हलकेच उडवा. मग रंध्याचं पातं अगदी कमी बाहेर काढून उरलेल्या कोपऱ्यांवरून एकेकदा फिरवा. आता बोटाला पैलू जेमतेम लागतात. पॉलिश पेपर इथंच, तोही त्याच गोलाईची खाच काढलेल्या लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटानं घासलं तर मऊ रेषा खोल जातात, कडक तशाच राहतात आणि कड लाटेसारखी होते.

मण्यासाठी गलता रंधा (नक्षीदार कड काढायचा रंधा) नसेल तरी अडत नाही. जुन्या हातकरवतीच्या पात्याचा दोन इंची तुकडा कापा. त्याचं पोलाद कानशीनं कापता येतं आणि धारही टिकवतं. बारीक गोल कानशीनं त्यात 4 मिमीची अर्धगोल खाच करा, शेजारी खाचरीसाठी (मण्याला लागून असलेल्या बारीक खोबणीसाठी) एक दात ठेवा. धार पात्याच्या सपाटीला अगदी काटकोनात हवी. इंग्रजी एल आकाराच्या ठोकळ्यात करवतीची चीर पाडून पातं दोन स्क्रूंनी आवळा. ठोकळ्याची आतली बाजू कडेला टेकून चालते.

हात पलीकडच्या टोकाकडून सुरू करा. शेवटचे चार इंच आधी खरवडा, मग थोडंथोडं मागे या. पातं ज्या दिशेनं जातं तिकडे किंचित झुकवा. पहिले दहा-बारा हात नुसते ओझरते, कारण खाचरी तयार होईपर्यंत पातं रेषेच्या मागं भरकटतं. तेव्हा डाव्या हाताचं एकच काम, ठोकळा कडेला दाबून धरणं. आडव्या टोकावर मात्र हे अवजार फाडतं. तिथं आधी धारदार सुरीनं रेघ कापून पटाशीनंच काम करा.

जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि पात्यांवर एका रात्रीत गंज चढतो. काम संपलं की शिलाई मशीनचं तेल लावलेलं फडकं फिरवा. पॉलिश जाड मारलं तर खाचरी भरून मणी सपाट दिसतो; चपडा (लाखेचं पॉलिश) पातळ करून दोन-तीन हात द्या, खाचरीत साठलेलं कोरड्या ब्रशनं लगेच ओढून घ्या.

काम मागायला जाताना एकाच फळीवर उतार, गोलाई, मणी असे नमुने न्या. एक टोक बिनपॉलिशचं ठेवा. जाणता मिस्त्री आधी तिथंच नख फिरवून बघतो.