पानं गळाली म्हणून रोप उपटू नका

आमच्या खानापूर भागात फेब्रुवारी-मार्चात ऐन, साग, काटेसावर अगदी उघडी पडतात. बेळगावहून आलेली माणसं विचारतात, ही झाडं मेली काय? मेली नाहीत. पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाणी उडून जातं. झाड आधी ती छिद्रं मिटून घेतं, तेवढ्यानं भागलं नाही की पानंच टाकून देतं. ऐन तर पावसाचं पाणी खोडात साठवून ठेवतो. धोका त्याच्या पुढं असतो: माती फारच सुकली, की खोडातल्या पाणी चढणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळत येतात.

म्हणून आधी नखानं साल जराशी खरवडून बघा. शेंड्यापासून सुरुवात करून बुंध्याकडे या. कुठंही हिरवं, ओलसर लागलं तर रोप जिवंत आहे. सागाचा शेंडा वाळला असेल तर वळीव पडल्यावर हिरव्या सालीपर्यंत छाटा, खालून जोमदार फुटवा येतो.

पाण्याचं मात्र नीट ऐका. रोज तांब्याभर पाणी घालू नका, त्यानं मुळं वरच्या वर पसरतात आणि एप्रिलच्या उन्हात भाजतात. बुंध्यापासून हातभर लांब गोल आळं करा, आठ-दहा दिवसांनी एकदा संध्याकाळी बादलीभर पाणी सावकाश मुरवा. ओल खाली गेली की मूळ तिच्या मागं जातं. आळ्यात वीतभर पाचोळा अंथरा, पण खोडाला टेकू देऊ नका. पाचोळा पेटवणाऱ्याला मी हात जोडून थांबवते. मातीची ओल तोच धरून ठेवतो.

नवीन लागवड तारीख बघून करू नका. 2023 चा जून कोरडा गेला, त्या वर्षी कर्नाटकात दुष्काळ जाहीर झाला. माती हातभर खोल भिजली की मगच रोप लावा. रोप लहान असलं तरी चालेल, पिशवीत मूळ गुंडाळलेलं नको. बी दुष्काळात तगलेल्या जवळपासच्या पाच-सहा वेगवेगळ्या झाडांचं घ्या. एकाच जातीच्या रांगा लावू नका, एक रोग आला की सगळं जातं. आमच्याकडे ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा. अथणी-रायबागकडे पाऊस बराच कमी, तिथं कडुनिंब, बोर, करंज बरे.

आणि वणवा आत येऊ नये म्हणून होळीच्या आधी लागवडीभोवती पाच-सहा हात रुंद पट्टा गवत काढून साफ करा. काढलेलं गवत आळ्यात घाला.