सोसायटीच्या गच्चीवर सोलर: सबसिडी कशी घ्यायची आणि बॅटरी लावायची का

सोलरवाल्याला फोन केला की तो पहिलं वाक्य ७८ हजार सबसिडीचंच बोलतो. मिळते ती, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत, पण स्वतःचं छप्पर असलेल्या घराला. पहिल्या २ किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, पुढे कितीही मोठी सिस्टीम लावा आकडा तोच. मुंबईत गच्ची असते सोसायटीची, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की एकेकट्याने धडपडण्यापेक्षा सोसायटीनेच अर्ज करावा. लिफ्ट, पंप, जिन्यातले लाईट अशा कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, ५०० किलोवॅटपर्यंत, फक्त घरामागे ३ किलोवॅटची मर्यादा आहे. २० किलोवॅट लावलं तर ३ लाख ६० हजार झाले की!

आधी कॉमन मीटरची वर्षभराची बिलं काढा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर रोज ४ युनिटच्या आसपास वीज येते, पावसाळ्यात कमीच. म्हणजे २० किलोवॅटचे महिन्याला २४०० युनिट, आपला कॉमन वापर तेवढा नसेल तर सिस्टीम छोटी घ्या. पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा वर जाऊन बघा, आणि वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते आधी उरका, नंतर पॅनल काढून करणं फार महागात पडतं.

मग जनरल बॉडीत ठराव, आणि योजनेच्या पोर्टलवर अर्ज. बिल ज्याचं येतं ती कंपनी निवडायची, बेस्ट, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण. वेंडर पोर्टलवर नोंदवलेलाच हवा आणि पॅनलच नाही तर आतले सेल पण भारतात बनलेले हवेत, हे कोटेशनमध्ये लेखी घ्या, कारण बाहेरच्या सेलचं पॅनल स्वस्त पडतं पण सबसिडी जाते. पैसे आधी आपण भरायचे, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) बसून तपासणी झाली की सबसिडी खात्यात येते, त्यामुळे तेवढी रक्कम सिंकिंग फंड वगैरे बघून आधीच जुळवून ठेवा. सोलरच्या सामानावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, जुनं कोटेशन असेल तर नवीन मागा.

आता बॅटरी. या योजनेत बॅटरीला वेगळी सबसिडी नाही, कोणी बॅटरीसकट जास्त सबसिडी मिळते म्हणाला तर पोर्टलवरच दाखव म्हणायचं. साधं सोलर लाईट गेले की बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं, बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते. पण मुंबईत लाईट जातात किती वेळा? दिवसा जास्तीची वीज ग्रिडला देऊन नेट मीटरने बिलातून वळती होते, तेच काम बॅटरी लाखो रुपये घेऊन करणार. ज्यांच्या घरी ऑक्सिजन मशीनवरचा पेशंट आहे त्यांनी त्या एका घरापुरती छोटी इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी, सोसायटीच्या खर्चात ती घालू नये.