अपडेटनंतर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज उशिरा येत होते, त्याचा उपाय

गुहागरला आमचा होमस्टे आहे, बुकिंग जवळजवळ सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. फोनने अपडेट घेतलं आणि मेसेज अडकायला लागले. पुण्याहून कुणी सकाळी 'शनिवारी खोली मिळेल का?' विचारायचं, मी दुपारी सोलकढी करून हात पुसत फोन उचलला की सगळे मेसेज एकदम धडाधड. तोवर ती मंडळी दुसरीकडे पैसे भरून मोकळी!

"काकू, तुमच्याकडे रेंजच नाय," शेजारचा मुलगा म्हणाला. आमच्याकडे सगळं खापर रेंजवरच फुटतं म्हणा. पण वायफाय नीट होतं. आणि फोन चार्जिंगला असला की मेसेज वेळेवर! म्हणजे घोळ बॅटरीचा.

अँड्रॉइडमध्ये 2015 पासून 'डोझ' आहे: चार्जिंगला नसलेला फोन पडून राहिला की ॲपची पाठीमागची कामं तो रोखून धरतो. फोन कंपन्या त्यावर आपली आणखी कडक बंधनं घालतात. अपडेटनंतर ती सेटिंग बदललेली निघाली.

सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग बॅटरी. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' होतं, ते 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट', म्हणजे ॲपला आपोआप सुरू होऊ देणारं बटण, वेगळं असतं, तेही चालू करा. ॲप काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका, बॅकअप नसेल तर जुनी चॅट जातात.

बॅटरी थोडी लवकर उतरते, चालायचंच. पैसे आल्याची सूचना देणाऱ्या ॲपलाही हेच केलं. बाकीच्यांना मोकळीक दिलेली नाही.