बाजारपेठेत चालायला जागा कशी काढायची

सगळ्यात आधी "रस्ता रुंद करा" ही मागणी सोडून द्या. कोकणातल्या बाजारपेठा जुन्या, घरांच्या पडव्या रस्त्याला टेकलेल्या, रुंदीकरण म्हटलं की कोणाची तरी पडवी जाणार आणि प्रकरण वर्षानुवर्षं लटकणार. आहे त्या रुंदीचीच वाटणी बदलायची, आणि ते जमतं.

दुकानं उघडायच्या आधी दोघांनी टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घ्या, गटार धरून, आणि एकाच ठिकाणी नको कारण आपले रस्ते मध्येच फुगतात मध्येच आवळतात. समजा ८ मीटर आले. उभी कार २ मीटर खाते, दोन्ही बाजूला लागल्या की ४ गेले, उरलेल्या ४ मध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या, रिक्षा, बाईक आणि डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली. आता तिथेच वाहतूक एकेरी आणि पार्किंग एका बाजूला करून बघा, गाड्यांना ३.५, पार्किंगला २, तरी अडीच मीटर उरतात! देशातल्या रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १०३ नंबरच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर सांगितलीय, म्हणजे ती आरामात बसते.

एवढी कशाला असं कोणी म्हणालं तर त्याला जुलैत बाजारात न्या. उघडी छत्री जवळपास मीटरभर रुंद, समोरून दुसरी आली की काड्या एकमेकींत अडकतात, मग एकजण छत्री तिरकी करून भिजतो नाहीतर सरळ रस्त्यावर उतरतो, मागून गाडी येत असली तरी. म्हणून माणसं मोजायची ती भर पावसात, मे महिन्यात पर्यटक असताना, आणि चतुर्थीच्या आधी चाकरमानी आले की. पंधरा पंधरा मिनिटं पुरे, चालणारे वेगळे, गाड्या वेगळ्या आणि गाडीत माणसं किती तेही लिहा, हा आकडा मीटिंगमध्ये फार कामाला येतो.

आपल्याकडे फुटपाथ म्हणजे बहुतेक वेळा गटारावरची झाकणं. ती हलत नाहीत ना, मध्ये भोक नाही ना, शेवाळ धरणारी गुळगुळीत लादी नाही ना हे बघा. उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको, म्हातारी माणसं चढतच नाहीत.

मग या नव्या वाटणीची ट्रायल. चुन्याची रेघ, दोरी, रिकामे ड्रम, बास. दुकानदार गिऱ्हाईक तुटेल म्हणून घाबरतात, त्यांच्याशी आधी बोला, पुण्यात लक्ष्मी रोडसारख्या भर बाजाराच्या रस्त्याचा काही भाग २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून गाड्यांना बंद ठेवतात हे सांगा. मालाचे टेम्पो सकाळी लवकर येऊन जातील अशी वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. भाजीवाल्या, मासेवाल्यांना हाकलून जागा काढू नका, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांची जागा नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने ठरते.

परवानगीसाठी एकच अर्ज दोघांना द्या, नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि वाहतूक पोलिसांना, कारण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे पार्किंगच्या जागा सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवतो, एकालाच दिला तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मापाचा नकाशा, मोजणीचा कागद आणि दुकानदारांच्या सह्या जोडा, आणि दोन्हीकडून शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.