बऱ्याच वर्षांनी परत प्राचीन सैन्य रंगवताय? मग या चुका टाळा

जुने मित्र छोट्या सैनिकांच्या फिगर रंगवून टेबलावर प्राचीन लढाया खेळायला परत जमायचं ठरवतात, एक म्हणतो मी रोमन घेतो, दुसरा म्हणतो मग कार्थेज माझं, सगळे उत्साहात खरेदी करतात आणि काही महिन्यांनी सगळं थंड पडतं, एकही लढाई न होता. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण कारणं जवळजवळ तीच तीच असतात आणि सगळी टाळता येण्यासारखी असतात. रंगवता येत नाही म्हणून कोणी सोडत नाही हो, सैन्य टेबलावर यायच्या आधीच एवढं मोठं आणि एवढं किचकट करून ठेवतात की हातच चालेनासा होतो.

स्केल आणि बेस न बोलता खरेदी

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तुम्ही २८ मिमी, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीचे सैनिक घेतले, मित्राने १५ मिमी घेतले, की दोन्ही सैन्यं सुंदर रंगली तरी एकमेकांसमोर उभी राहू शकत नाहीत. त्यामुळे पहिला फोन दुकानाला नाही, मित्राला करा. २८ मिमीमध्ये चेहरे, ढालींवरची चिन्हं रंगवायला मजा येते पण जागा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, १५ मिमीमध्ये छोट्या टेबलावरही खरी लढाई झाल्यासारखं दिसतं, आणि ६ मिमीमध्ये एकेक माणूस नाही तर अख्खी रांग रंगवायची असते. वर्षांनंतर परत येणाऱ्यांची नजर पूर्वीसारखी राहिलेली नसते हेही धरून चाला, चांगला पांढरा दिवा आणि स्टँडवालं भिंग आधी घ्या, रंगांचा मोठा सेट नंतर.

स्केल ठरलं की बेसची, म्हणजे फिगर ज्यावर चिकटवायच्या त्या पाटीची, रुंदी ठरवा. प्राचीन काळाच्या बऱ्याच रूल्समध्ये १५ मिमीसाठी ४० मिमी आणि २८ मिमीसाठी ६० मिमी रुंद बेस चालतो, आणि दोन्ही बाजूंची रुंदी सारखी असली की पुढे रूल्स बदलले तरी काही उखडावं लागत नाही. जुन्या सैन्याचे बेस वेगळे असतील तर लगेच पटाशी घेऊन बसू नका, योग्य मापाचे ट्रे कापा, जुने बेस त्यावर ठेवा आणि खेळा.

एकदम अख्खं साम्राज्य घ्यायचं

इ.स.पू. २१७ च्या राफियाच्या लढाईत ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो त्याप्रमाणे इजिप्तचा राजा टॉलेमीकडे ७३ आणि त्याचा शत्रू, सेल्युसिड राजा अँटायोकसकडे १०२ हत्ती होते, आणि हे वाचलं की हात आपोआप ऑर्डर द्यायला जातो. थांबा. टेबलावर एका बाजूला एक-दोन हत्ती पुरतात. डीबीए नावाचे रूल्स १९९० साली आले, त्यात एका सैन्याचे फक्त १२ बेस असतात, म्हणजे साधारण चाळीस-पन्नास फिगर, आणि एक डाव तासाभरात होतो. परत येणाऱ्या माणसासाठी माझं ठाम मत आहे की सुरुवात एवढ्यावरच करावी, मग रूल्स तुम्ही कुठलेही वापरा. १२ बेस पूर्ण झाले की सैन्य वाढवायचा हुरूप आपसूक येतो, २०० भालाईतांचा न उघडलेला खोका समोर ठेवून तो येत नाही.

जुन्या डब्यातलं तसंच रंगवायला घेणं

जुन्या शिसेयुक्त फिगर बंद लाकडी कपाटात, विशेषतः ओकच्या, किंवा दमट पुठ्ठ्याच्या खोक्यात राहिल्या असतील तर त्यांवर पांढरी भुकटी आलेली असू शकते. ती धूळ नाही, शिशाचा क्षार आहे. कोरडं घासू नका, फुंकर मारू नका, हातमोजे घालून ओल्या ब्रशने काढा आणि नंतर हात स्वच्छ धुवा. जिथे जास्त खाल्लं गेलंय ती फिगर सोडून द्या.

जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश चांगलं काम करतात. अ‍ॅसिटोन मात्र धातूच्या फिगरवरच ठेवा, प्लॅस्टिक त्यात विरघळतं. प्लॅस्टिक सिमेंटचंही तसंच, ते प्लॅस्टिक थोडं वितळवून जोडतं म्हणून धातूवर किंवा रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही, तिथे सुपरग्लू.

प्रायमरमध्ये घाई

रंग टवके होऊन निघत असेल तर दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतोच, खालच्या तयारीचा असतो. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर फिगरवर असतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर. स्प्रे साधारण २०-३० सेंमीवरून, हलके झटके देत, एकाच जागी धरून नाही. पृष्ठभाग खरखरीत वाळूसारखा झाला तर तुम्ही फार लांबून मारलंय किंवा हवा फार गरम-कोरडी होती, थेंब फिगरवर पोचायच्या आधीच सुकले. दमट हवेत स्प्रे करूच नका, त्या दिवशी ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. १:७२ च्या मऊ प्लॅस्टिकच्या सैनिकांचे भाले वाकतात तिथला रंग आधी सुटतो, म्हणून वाकणारी शस्त्रं जास्त हाताळू नका आणि शेवटी व्हार्निश नीट द्या.

आणि छोट्या स्केलला काळा प्रायमर नको. १५ मिमीचा सैनिक काळ्यावर रंगवला की हातभर अंतरावरून नुसता गडद ठिपका दिसतो. पांढरा, फिका करडा किंवा फिका तपकिरी घ्या आणि रंगही तुम्हाला डोळ्यासमोर योग्य वाटतो त्याहून एक छटा उजळ ठेवा.

एकेक फिगर पूर्ण करत बसणं

एक सैनिक डोळ्यांच्या बाहुल्यांसकट रंगवला, फार देखणा झाला, आणि आता तसेच ४७ करायचेत. इथेच बरेच जण थांबतात. त्यापेक्षा ८ ते १२ जण एका पट्टीवर चिकटवा, सगळ्यांची त्वचा, मग सगळ्यांचे कपडे, मग चामडं, मग धातू, मग तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), आणि वाळल्यावर फक्त उंच भागांवर मूळ रंग परत. एकदम चाळीस घेणंही चूकच बरं का, कारण दिवसभर बेल्ट रंगवूनही काहीच पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही.

मेहनत कुठे घालायची तर ढाली, चेहरे, झेंडे, सेनापतीचा बेस आणि जमीन. टेबलावर नजर तिथेच जाते. साधे रंगवलेले सैनिक चांगल्या बेसवर छान दिसतात, उलटं मात्र होत नाही. रंग पातळ करून दोन हात द्या, आणि ब्रश मानेपर्यंत रंगात बुडवू नका, तिथे रंग सुकला की टोक फाटतं ते परत येत नाही.

इतिहासातल्या ठरलेल्या चुका

पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत घातलेले रोमन घेऊन कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी लढायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ते चिलखत नंतरच्या काळातलं. इ.स.पू. २१६ ला कॅनीच्या लढाईत साध्या रोमन सैनिकाच्या छातीवर वीतभर कांस्याचा चौकोनी पत्रा असायचा आणि ऐपत असेल त्याच्याकडे कड्यांचं चिलखत. उलट तिथले हॅनिबलचे आफ्रिकन सैनिक जिंकून घेतलेली रोमन शस्त्रं वापरत होते, त्यामुळे कार्थेजच्या सैन्यात रोमन चिलखतं आणि ढाली दिसणं बरोबर आहे.

पोरसाचं सैन्य करत असाल तर ग्रीक लेखक एरियनच्या वर्णनात भारतीय धनुष्य माणसाएवढं लांब, खालचं टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढायचं, आणि अंगावर सुती कपडे. म्हणजे उजळ पांढरा रंग, त्यावर हलका तपकिरी वॉश, एवढंच पुरतं आणि हत्तींसमोर ते फार उठून दिसतं.

प्राचीन काळात आजच्यासारखा ठरलेला गणवेश बहुतेक सैन्यांत नव्हताच, म्हणून एका युनिटमध्ये तीन-चार मातकट रंग फिरवा. पण अचूक छटा सापडेपर्यंत ब्रशच न उचलणं हीसुद्धा चूकच आहे, ढाल नंतर बदलता येते.

भाले आणि व्हार्निश

मॅसेडोनियन सारिसा, म्हणजे दोन हातांनी धरायचा लांब भाला, पाच-सहा मीटर लांब, म्हणजे १५ मिमी स्केलला साधारण पाच-सहा सेंमी. मऊ धातूचे भाले एवढे लांब असले की वाकतात आणि तुटतात, म्हणून ते कापून पोलादी तारेचे लावा, टोकं बोथट ठेवा. पुढे फार आले तर शत्रूच्या बेसला बेस टेकत नाही, त्यामुळे पुढच्या रांगेचे थोडे वर उचला.

मॅट व्हार्निशचा स्प्रे दमट हवेत मारला तर सगळं पांढुरकं धुकट होतं आणि आठवड्यांचं काम गेलं असं वाटून पोटात गोळा येतो. घाबरू नका, बऱ्याचदा वरून ब्रशने ग्लॉसचा हात दिला की रंग परत दिसतात, वाळल्यावर चांगल्या हवेत हलका मॅट. नवीन डबा असेल तर आधी एका टाकाऊ फिगरवर मारून बघा.

सगळं रंगल्यावरच खेळू

हे वाक्य बोलूच नका. तारीख आधी ठरवा, अर्धं सैन्य नुसत्या प्रायमरमध्ये असलं तरी चालेल. कोणाला वेळ नसेल तर तुम्हीच छोटी छोटी दोन्ही सैन्यं करा, कारण मित्राला नुसतं येऊन बसता आलं की तो येतो. पहिल्या डावात हत्ती, रथ, डोंगर, नदी काही नको, मोकळं मैदान आणि पायदळ-घोडदळ. रूल्सवर अडलं तर फासा टाकून तिथल्या तिथे निकाल लावा, पुस्तक डाव संपल्यावर उघडा, नाहीतर चार जणांची संध्याकाळ एका वळणाच्या मापात जाते. वेळ उरला तर बाजू बदलून तीच लढाई परत खेळा, दुसऱ्या डावात रूल्स कोणालाच बघावे लागत नाहीत आणि आपल्या सैन्याला आणखी काय हवंय, घोडदळ की गोफणवाले, हेही कळतं, पुढची ऑर्डर त्यावरून द्या.